चढावरच काटा का पडतो?

"पडला," मागच्या सीटवरून टिकली म्हणाली. "मावशी, काटा पडला."

सांगायची गरजच नव्हती. वेगाचा काटा तीसवर थरथरत होता, तो दोरी तुटल्यासारखा शून्यावर येऊन पडला. गाडी मात्र अजून धावत होती. पुढच्याच क्षणी खालून कुणी हातोडा मारावा तसा 'धाड' आवाज झाला, समोर पिवळा दिवा लागला आणि टेकडीच्या त्या उभ्या चढावर, अगदी मधोमध, गाडीचा दम संपला. इंजिन कण्हायला लागलं. मागच्या लॉरीवाल्याने भोंग्यावर ठेवलेला हात काढलाच नाही.

भिंगरी पुढे, आईशेजारी बसली होती. तेरा वर्षांत ती एका जागी पाच मिनिटं बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं, म्हणून घरीदारी तिचं नाव भिंगरी. पण आत्ता ती मांडीवरची थंड पेटी दोन्ही हातांनी धरून दगडासारखी बसली होती. पेटीत बर्फाच्या पिशव्यांमध्ये रक्ताच्या नमुन्यांच्या बाटल्या होत्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जायचं, त्यांचं रक्त घ्यायचं आणि ते प्रयोगशाळेत पोचवायचं, हे आईचं काम. सहा वर्षांपूर्वीच्या अपघातानंतर आईचा डावा पाय दाबायच्या कामाचा राहिला नव्हता. क्लच दाबणं तिला शक्यच नव्हतं. म्हणून ही गाडी, जुनी पण ऑटोमॅटिक. हिचे गिअर हिचे हीच बदलायची.

म्हणजे, बदलायला हवे होते.

आईने गाडी कडेला घेतली, बंद केली, मनात दहा आकडे मोजले आणि पुन्हा चालू केली. गाडी शहाण्या बाळासारखी निघाली. विजेचे चार खांब मागे पडले आणि काटा पुन्हा पडला. मग आईने गाडी वळवली. वरच्या वस्तीत एक आजोबा तिची वाट बघत होते. त्यांना फोन करून आज जमत नाही म्हणून सांगितलं. या आठवड्यातलं हे तिसरं 'जमत नाही'.

मागे बसलेला ढापण्या चष्मा पुसत काहीतरी बोलायला गेला, पण टिकलीने त्याला कोपर मारलं. ही दोघं भिंगरीची मावस भावंडं. ढापण्या चौदा वर्षांचा, टिकली नऊची. सुट्टीत आठ दिवसांसाठी आली होती. सकाळचा बेत मोठा झकास होता: मावशीबरोबर फेरी मारायची आणि मग तळ्यावर पोहायला. आता पोहण्याचं नावही काढायची कुणाची हिंमत नव्हती. वाटेत प्रयोगशाळेत पेटी पोचवली, पण आई घरापर्यंत एक अक्षर बोलली नाही. ती चिडली असती, गाडीला चार शिव्या घातल्या असत्या, तर भिंगरीला बरं वाटलं असतं.

घरी मामा येऊन बसला होता. मामा आईचा मोठा भाऊ, आणि कुठलाही प्रश्न जेवणाआधी निकालात काढायची त्याला भारी हौस. आईने चपला काढेपर्यंत त्याने गॅरेजवाल्या उस्तादांना फोन लावला, उस्तादांनी गिअरबॉक्स गेला, आता त्यात राम नाही असं सांगितलं, आणि आई पाणी पिऊन ग्लास खाली ठेवेपर्यंत मामाने क्रेनवाल्यालाही सांगून टाकलं होतं. चार वाजता क्रेन येणार. गाडी भंगारात जाणार. प्रयोगशाळेच्या साहेबांशीही त्याचं बोलणं झालं होतं. सोमवारपासून आईने तळघरात बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या.

"विश्रांती हवी तुला. बसून काम, सावलीत काम," मामा म्हणाला. "आणखी काय पाहिजे तुला?"

आईने फक्त "चार वाजता?" एवढंच विचारलं. मग तिने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि आत जाऊन पडली.

जी आई दूधवाल्याशी वाद घालून जिंकायची, शाळेत येऊन मुख्याध्यापकांना गप्प करायची, ती एका शब्दाने भांडली नाही. भिंगरी हळूच खोलीत गेली. आईने डोळ्यांवर हात आडवा ठेवला होता. अपघातानंतरची दोन वर्षं भिंगरीला पुसट आठवत होती. तेव्हा आई अशीच पडून असायची, याच पलंगावर, असाच हात ठेवून. मग ही गाडी आली आणि आई उठली. सगळ्या घराला हे ठाऊक होतं. मामालाही. पण मामाला फक्त गिअरबॉक्स दिसत होता.

"आई, आम्ही गाडीला हात लावला तर चालेल?"

"लावा. आता तिचं आणखी काय बिघडायचं राहिलंय?"

असली परवानगी मिळण्यापेक्षा ओरडा खाल्लेला परवडला, असं भिंगरीला वाटलं. साडेअकरा वाजले होते.

तिघं पळतच गॅरेजात पोचली. ढापण्याचं म्हणणं होतं की नेमकं काय बिघडलंय हे कळल्याशिवाय हात लावणं म्हणजे गाढवपणा. भिंगरीचं म्हणणं होतं की वेळ जातोय. दोघांचंही खरं होतं.

उस्तादांचं गॅरेज म्हणजे आरशासारखं लख्ख. भिंतीवर एकेक पाना टांगलेला, आणि प्रत्येक पान्याच्या मागे त्याचाच आकार रंगवलेला. जमिनीवर तेलाचा थेंब नाही. झाकण उघडून ठेवलेल्या दोन गाड्यांमध्ये भिंगरीने डोकावून पाहिलं, तर आतल्या सगळ्या वायरी काळ्या केबल टायनी, म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी, आवळून, शेपट्या कापून, नव्या वेणीसारख्या घट्ट बसवलेल्या. उस्ताद सत्तरीकडे झुकलेले, पण मिशीसुद्धा वेळच्या वेळी कातरणारे.

"सेन्सर बदलला, एकदा नाही, दोनदा," ते म्हणाले. "नवा कोरा. तरी तोच बिघाड. म्हणजे गिअरबॉक्सच गेला. सरळ हिशेब आहे."

ढापण्याने अगदी अदबीने विचारलं, की बिघाड कोणता ते कशावरून कळलं. उस्तादांनी टेबलाच्या खणातून तपासणी यंत्राची छापील चिठ्ठी काढून दिली. गिअरबॉक्स किती वेगाने फिरतोय हे एक छोटा सेन्सर मोजतो, ते माप वायरींतून एका डब्याकडे, म्हणजे गाडीच्या छोट्या संगणकाकडे, जातं, आणि त्या मापावरून डबा गिअर बदलतो. माप मिळालं नाही की घाबरून एकाच गिअरमध्ये अडकून बसतो. वेगाचा काटाही त्याच मापावर चालतो. एवढं त्यांनी समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. माणूस आपल्या कामात कच्चा नव्हता.

ढापण्याने चिठ्ठी नाकाला लावून वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली.

"उस्ताद, इथे 'वेग सेन्सर' असं नाही लिहिलेलं. 'वेग सेन्सर, सर्किट' असं आहे."

"तेच ते."

"तेच नाही हो. सर्किट म्हणजे सेन्सर, वायरी, जोडण्या, डब्यापर्यंतचा सगळा रस्ता. तुम्ही पहिले दोन शब्द वाचून सेन्सर बदललात."

उस्तादांची मिशी जरा हलली. वायरींबद्दल त्यांना बोलायचं नाही, असं त्यांनी बजावलं. त्या त्यांनी स्वतः बांधल्या होत्या. त्यांच्या गॅरेजातून लोंबती वायर घेऊन एकही गाडी आजवर बाहेर पडली नव्हती. "हत्तीने ओढली तरी हलायची नाही," ते म्हणाले.

गाडी दुरुस्त केल्यावर चालवून पाहिली होती का, हे भिंगरीने विचारलं. पाहिली होती, अंगणात, दोन फेऱ्या. आणि चढावर? उस्तादांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने गाडी पोहते का म्हणून विचारलं होतं. मग त्यांनी दार ओढून घेतलं आणि जेवायला गेले.

परत येताना ढापण्या चालता चालता पुटपुटत होता. वायरी तपासायच्या तर मल्टिमीटर लागतो, आणि तो त्याच्या पिशवीत होता, शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेला. टिकली म्हणाली, मग रडतोस कशाला. ढापण्या म्हणाला, तो स्वस्तातला आहे. टिकली म्हणाली, तूही स्वस्तातलाच आहेस, तरी चालतोसच की. भिंगरीला हसू आलं.

घरी येऊन त्यांनी कामं वाटून घेतली. टिकलीने आईच्या फेऱ्यांची वही घ्यायची आणि गाडी कधी, कुठे अडकली ते शोधायचं. आई वहीत सगळं लिहायची, गाडीच्या तब्येतीसकट. भिंगरी आणि ढापण्याने गाडीचं पुढचं झाकण उघडलं. किल्ली काढलेली होतीच. भिंगरीने पाना घेऊन आधी बॅटरीची वजाची तार सोडवली, मग हवा गाळायचा मोठा डबा उचलून बाजूला ठेवला. खाली गिअरबॉक्स होता आणि त्याच्या डोक्यावर अंगठ्याएवढा तो सेन्सर, उस्तादांचा नवा कोरा. त्यातून दोन वायरी निघाल्या होत्या, एक पांढरी आणि एक हिरवी. त्या एका काळ्या नळीतून गाडीच्या अंगावर चढत होत्या आणि बॅटरीमागच्या डब्यात शिरत होत्या.

ढापण्याने सेन्सरची जोडणी सोडवून त्याच्या दोन पिनांना मीटरच्या सळया टेकवल्या. ६१२. आकडा आला म्हणजे आतली तार शाबूत. सेन्सर ठणठणीत होता.

"आता खरी मजा," तो म्हणाला. सेन्सर परत जोडून त्याने डब्याच्या बाजूची जोडणी सोडवली आणि तिथून, म्हणजे दोन्ही वायरींच्या पलीकडच्या टोकाकडून, तोच सेन्सर मोजला. वायर कुठे तुटली असेल तर इथे आकडा येणारच नाही, कडेला नुसता एक उमटेल. या मीटरच्या भाषेत एक म्हणजे 'रस्ता बंद'.

६१३.

त्याने पिना पुसल्या. पुन्हा मोजलं. ६१३. भिंगरीने मोजलं. ६१३. वायरी हलवून बघाव्यात म्हणून तिने त्या काळ्या नळीला बोटं लावली, पण ती जागची हलेना. गिअरबॉक्सवरून निघाल्या निघाल्या, वीतभर अंतरावर, उस्तादांनी ती गाडीच्या पत्र्याशी केबल टायने आवळली होती, सतारीच्या तारेसारखी ताणून. खरंच हत्तीने ओढली तरी हलली नसती.

"वायरी चांगल्या आहेत," ढापण्या खाली बसत म्हणाला. "सेन्सर चांगला आहे. म्हणजे उस्तादच बरोबर."

भिंगरीने मीटर हिसकावून घेतला आणि आणखी सात वेळा मोजलं. प्रत्येक वेळी तोच शहाणा, सभ्य, खोटारडा आकडा. अडीच वाजले. तीन वाजले. ग्रीसने काळ्या झालेल्या हातांनी तिने डोळे पुसले आणि चेहऱ्याचा पार नकाशा करून घेतला. आता आपल्याला काही सापडणार नाही, सोमवारी आई तळघरात जाणार, आणि हळूहळू तिथून परत येऊन रोज पलंगावर हात आडवा ठेवून पडणार. आईला उठवणारी दुसरी गाडी कुठून आणायची होती?

टिकली वही घेऊन आली. तिने आपलं वाचायला सुरुवात केली. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत एकदाही नाही. मग एक नोंद: 'इंजिनाच्या माउंटिंगचं रबर बदललं, उस्ताद.' त्यानंतर तीन आठवड्यांनी: 'टेकडीवर अडकली.' मग पुलाचा चढ. मग पुन्हा टेकडी. मग दवाखान्याचा उतार, पण तो चढताना. एकूण बावीस वेळा.

"सपाट रस्त्यावर किती वेळा?" ढापण्याने विचारलं.

"एकदाही नाही. मी दोनदा बघितलं."

तिघंही झाकण उघडलेल्या त्या गाडीकडे बघत राहिली. गाडी आत्ता सपाट अंगणात उभी होती. चढावर असं काय होत होतं जे इथे होत नव्हतं? अख्खी गाडी तिरकी करून बघायची तर ती काही खाट नव्हती.

आणि नेमकी तेव्हाच गल्लीच्या तोंडाशी क्रेन वळली. साडेतीनलाच.

मामा लगबगीने बाहेर आला, मुलांना बाजूला व्हायला सांगू लागला, गाडीची चिरफाड बघून कपाळावर हात मारून घेऊ लागला. क्रेनवाला खाली उतरला. आडव्या अंगाचा, शांत माणूस. त्याने कागद पुढे केला आणि मालकाची सही मागितली. मामा सही करायला पेन काढणार, तोच भिंगरी मध्ये घुसली.

"काका, गाडी मामाची नाही. आईच्या नावावर आहे."

क्रेनवाल्याने कागद मागे घेतला. मालकाच्या सहीशिवाय तो खिळासुद्धा उचलत नसे.

"मग उठव तिला," मामा म्हणाला.

"आत्ताच डोळा लागलाय तिचा. तूच म्हणालास ना, तिला विश्रांती हवी म्हणून? पंधरा मिनिटांत उठेल. मी स्वतः सही आणून देते."

मामाला स्वतःचंच वाक्य गिळणं भाग पडलं. क्रेनवाल्याने पंधरा मिनिटं थांबायला हरकत नाही असं सांगितलं आणि तोवर क्रेन नीट उलटी लावून घेतो म्हणाला.

पंधरा मिनिटं. भिंगरीने ती मिळवली खरी, पण त्यांचं करायचं काय, हे तिला मुळीच ठाऊक नव्हतं. ती नुसती क्रेनकडे बघत उभी राहिली. क्रेन खूप जुनी होती, पुढचं झाकण केव्हाच हरवलेलं, सगळं इंजिन उघडं. क्रेनवाल्याने गिअर टाकला, पाय दिला, आणि चाकं हलायच्या आधी ते अवजड इंजिन आपल्या जागेवरच कूस बदलावी तसं एका अंगावर कललं. मग क्रेन मागे सरकली. त्याने पाय काढला. इंजिन पुन्हा सरळ झालं.

भिंगरी गर्रकन ढापण्याकडे वळली.

"ढापण्या, इंजिन रबरावर कशासाठी बसवतात?"

"धक्के बसू नयेत म्हणून. ते हलतं ना सारखं. जास्त जोर लावला की जास्त क..." तो मध्येच थांबला. त्याने चष्मा काढला, परत लावला. "चढावर जास्त जोर लागतो."

"आणि गिअरबॉक्स इंजिनालाच चिकटलेला असतो. इंजिन कललं की तोही कलतो. पण वायर?"

"वायर पत्र्याला बांधलीय," टिकली म्हणाली. "ती नाही हलत. हत्तीने ओढली तरी नाही हलत."

मग पुढचं सगळं इतक्या घाईत झालं की कोण काय बोललं हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही. भिंगरी क्रेनवाल्याकडे धावली आणि त्याच्यापुढे अक्षरशः हात जोडले. त्याने फक्त एकदा इंजिन हलवून द्यायचं होतं. नाही झालं तर ती स्वतः सही आणून देणार होती, गाडी स्वतः ढकलून क्रेनवर चढवणार होती. मामा म्हणाला, आता पोरांचा खेळ पुरे. क्रेनवाल्याने मामाकडे पाहिलं, भिंगरीच्या काळ्या तोंडाकडे पाहिलं, आणि एक रुंद पट्टा खांद्यावर टाकून आला. इंजिन उचलायची लोखंडी कडी कुठे असते हे त्याला बरोबर ठाऊक होतं. त्याने पट्टा कडीत ओवला.

ढापण्याने सळया टेकवल्या. टिकलीने मीटर छातीशी धरला, सगळ्यांना आकडा दिसेल असा. ६१३.

"ओढा, काका."

क्रेनवाल्याने एक पाय बंपरला लावला आणि अंग मागे टाकलं. रबर करकरलं. इंजिन बोटभर कललं.

६१३.

"आणखी," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

क्रेनवाल्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. इंजिन आणखी जरासं कललं, काळी नळी ताणली गेली, केबल टाय पत्र्यावर कचकन वाजला.

१.

नुसता एक. मीटरच्या कडेला, एकटा.

क्रेनवाल्याने पट्टा सैल सोडला. ६१३. ओढला. १. सोडला. ६१३. चार वेळा ओढलं आणि चार वेळा सोडलं, आणि मीटरने एकदाही शब्द फिरवला नाही. मामा टिकलीच्या खांद्यावरून वाकून बघत होता आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"उस्तादांनी बांधल्या त्याच वायरी?" मागून कुणीतरी विचारलं. दारात आई उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

भिंगरीला तिला केवढं तरी सांगायचं होतं. पण तिच्या तोंडून एवढंच आलं, "गिअरबॉक्स चांगला आहे, आई. गिअरबॉक्सला काही झालेलंच नाही." आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.

उस्तादांना बोलवायला मामाला जावं लागलं. ते तणतणतच आले. स्वतः मीटर धरला, क्रेनवाल्याला स्वतः ओढायला लावलं, आणि आकडा पालटला तसे त्यांच्या मिशीची दोन्ही टोकं खाली आली. मग त्यांनी कात्री घेतली आणि स्वतःच बांधलेला टाय कापला. काळी नळी सुटली आणि खाली लोंबली, चांगली चार बोटं. त्यांनी नळी चिरून आतली हिरवी वायर दोन बोटांत धरून हळूच ओढली. वरून ती धडधाकट दिसत होती. पण टाय होता तिथे तिचं प्लॅस्टिक रबरासारखं लांब आणि बारीक झालं. आतलं तांबं केव्हाच तुटलं होतं. गाडी स्थिर असली की दोन टोकं एकमेकांना टेकायची, इंजिन कललं की सुटायची.

कारखान्याने ही वायर मुद्दाम सैल ठेवली होती, इंजिनाला कूस बदलता यावी म्हणून. रबर बदलताना ते लोंबतं वेटोळं उस्तादांच्या नजरेला खुपलं आणि त्यांनी ते आवळून टाकलं. मग दोनदा सेन्सर बदलला, आणि दोन्ही वेळा नवा टाय लावून आधीपेक्षा घट्ट आवळला. हे सगळं त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं, मान खाली घालून, एकेक शब्द तोडत.

त्यांनी तुटकी जागा कापून नवा तुकडा जोडला, डाग दिला, वर रबरी नळी चढवून गरम करून बसवली. वायर पुन्हा सैल लोंबू लागली. त्यांचा हात आपोआप खिशातल्या केबल टायकडे गेला. टिकलीने तळहात पुढे केला. उस्तादांनी सगळं पाकीट तिच्या हातावर ठेवलं.

टेकडीकडे निघाले तेव्हा पाच वाजले होते. आई चालवत होती, उस्ताद तिच्या शेजारी, तिघं मुलं मागे. क्रेनवाल्यालाही बघायचंच होतं, तो मामाला शेजारी बसवून मागोमाग आला. पूल आला, पुलाचा चढ गेला. काटा जागेवर. पण पुलावर गाडी दर वेळी थोडीच अडकायची? टेकडीचा चढ सुरू झाला तसं भिंगरीने दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढलं. तीस. बत्तीस. अठ्ठावीस. ढापण्याने डोळे मिटून घेतले होते आणि टिकलीला कुजबुजत विचारत होता, आहे ना, आहे ना. वळण आलं. तेच, जिथे सकाळी लॉरी मागे भोंगा वाजवत होती. रस्ता भिंतीसारखा उभा राहिला.

वीस. बारा. पाच.

शून्य.

गाडी उभी राहिली. भिंगरीच्या कानात शिट्ट्या वाजायला लागल्या. मागे क्रेन थांबल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा, आकड्याची साखळी खणखणल्याचा.

"पडला," टिकली रडवेल्या आवाजात म्हणाली.

"पडला नाही ग," आई म्हणाली. "मी थांबले."

भिंगरीने पाहिलं. पिवळा दिवा नव्हता. आईचा उजवा पाय ब्रेकवर होता आणि ती समोरच्या उभ्या रस्त्याकडे बघत होती, जणू तो तिने नुकताच विकत घेतला होता.

"पाच महिने झाले," ती म्हणाली, "या चढावर मी माझ्या मनाने एकदाही थांबले नव्हते."

मग तिने ब्रेकवरचा पाय उचलला आणि ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन कललं असेल, नक्कीच कललं असेल, पण आत बसलेल्यांना फक्त एक भरदार गुरगुर ऐकू आली, आणि काटा उठला. पाच. पंधरा. तीस. उस्तादांनी दाराचं हँडल धरलं होतं, ते सोडून दिलं.

माथ्यावर सगळे उतरले. मामा क्रेनमधून उडी मारून आला आणि तळघरातल्या कामाची आपणच केलेली घाई उद्या स्वतः प्रयोगशाळेच्या साहेबांना फोन करून निस्तरू असं म्हणाला. मग भिंगरीच्या पाठीवर त्याने एवढ्या जोरात थाप मारली की ती कळवळली. क्रेनवाल्याने ढापण्याच्या मीटरकडे बोट दाखवून असला एक आपल्यालाही पाहिजे म्हणून सांगितलं. उस्ताद मात्र बाजूला उभे राहून बोटांवर काहीतरी मोजत होते.

"आणखी सहा गाड्यांची रबरं बदललीत मी," ते शेवटी मुलांपाशी येऊन म्हणाले. "सहाच्या सहा अशाच आवळल्यात. पन्नास वर्षं झाली मला या धंद्यात, आणि आज तुम्ही मला अख्खी ओळ वाचायला शिकवलंत. उद्या सकाळी याल का तिघं? मी टाय कापीन, तुम्ही मोजा. मला आता माझ्याच डोळ्यांचा भरवसा नाही."

ढापण्या चष्म्यासकट लाल झाला. टिकलीने येऊ म्हणून सांगितलं, पण पाकीट परत मिळणार नाही अशी अटही घातली. भिंगरी आईकडे बघत होती.

आई खाली उतरलीच नव्हती. खिडकी पूर्ण खाली करून, कोपर बाहेर काढून ती बसली होती, आणि तिने आता भोंगा वाजवला.

"बसताय का सगळे?" ती म्हणाली. "मला खाली जाऊन त्या चढावर अजून एकदा थांबायचंय."